पाणी नसताना मोजणारा सेन्सर : ओपन-ड्रेन आउटपुट, ३.३ व्होल्टचा प्रोसेसर आणि पुल-अप

अंबिया_बहार

नमस्कार मंडळी. राहायला नागपूरला मनीषनगरात, शेत काटोलच्या बाजूला, संत्र्याचं. बाबा आता थकले, म्हणून शनिवार-रविवार मी जातो. डिसेंबरात बागेला ताण दिला, म्हणजे पाणी बंद ठेवलं, आता जानेवारीत तो तोडायचा आहे. ताण तोडताना पाणी मोजून द्यावं लागतं, हे संत्रावाल्यांना सांगायला नको. बाबा आजवर घड्याळ पाहून व्हॉल्व्ह बंद करायचे. पण विहिरीची पातळी खाली गेली की तेवढ्याच वेळात पाणी कमी जातं, आणि घड्याळाचा हिशोब चुकतो.

म्हणून ठिबकच्या एका पट्ट्याच्या पाइपवर फ्लो सेन्सर बसवला. आत पंखा, पंख्यात चुंबक, बाहेरून चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर. लाल, काळी, पिवळी अशा तीन वायरी, ५ व्होल्टवर चालतो. सोबतच्या कागदावर 'ओपन-कलेक्टर आउटपुट' असं लिहिलंय. घरी टेबलावर आर्डुइनो उनो या प्रोसेसर बोर्डाला जोडून तोंडानं फुंकर मारली, पंखा फिरला, आकडे बरोबर आले. २० लिटरचा कॅन तीन वेळा भरून लिटरमागे किती पल्स (सेन्सरचे विजेचे ठोके) येतात तेही काढून ठेवलं.

शेतातून आकडे मोबाइलवर हवे होते म्हणून तिथं ईएसपी३२ (वायफाय असलेला ३.३ व्होल्टचा प्रोसेसर बोर्ड) लावला. बाकीच्या पिना रिले आणि डिस्प्लेमध्ये गेल्या, तेव्हा पिवळी वायर ३४ नंबरच्या पिनवर घेतली. प्रोग्राममध्ये 'इनपुट पुल-अप' (पिन आतून वर ओढून धरायची सूचना) लिहिलेलं आहेच. मोटरघरापासून सेन्सरपर्यंत साधारण ४० मीटर केबल, मोटरच्या केबलसोबत एकाच पाइपातून ओढली.

आता त्रास असा. मोटर बंद, व्हॉल्व्ह बंद, थेंबभर पाणी नाही, तरी काउंटर पळून राहिला. मिनिटाला ३००० च्या आसपास. मधेच एखाद्या दिवशी अगदी शांत, मग पुन्हा सुरू. आणि शेतीची लाइन गेली की लगेच थांबतो. बोर्ड बॅटरीवर आहे, त्यामुळे तो चालूच असतो. नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात विचारलं तर म्हणाले, सेन्सरची वायर रेझिस्टर लावून ५ व्होल्टला ओढा. ते करू का? की सेन्सरच बदलू? तीन पट्टे अजून बाकी आहेत, म्हणून काय ते नीट समजून करायचंय.

तर्री_पोहे

भाऊ, डिबाउन्स (एका पल्सनंतर थोडा वेळ पुढची पल्स न मोजणं) टाकून पाहिला का? माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये बटणाचं असंच होत होतं. २० मिलिसेकंदाचा डिबाउन्स टाकला आणि शांत झालं.

सोल्डरताई

डिबाउन्स आत्ता नको. २० मिलिसेकंद टाकलेत तर पाणी जोरात असताना खऱ्याही पल्स गाळल्या जातील, आणि मूळ दोष झाकला जाईल.

अंबियाभाऊ, तुमच्या आकड्यातच उत्तर आहे. ३००० भागिले ६० म्हणजे सेकंदाला ५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. लाइन गेली की मोजणं थांबतं, हेही तुम्हीच लिहिलंय. सेन्सर ठणठणीत आहे. तुमची पिन लोंबकळते आहे, आणि शेजारून जाणाऱ्या मोटरच्या केबलमधली वीज ती मोजते आहे.

काऊन लोंबकळते ते सांगते. ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुटच्या आहेत आणि त्यांच्या आत पुल-अप नाहीच. प्रोग्राममध्ये 'इनपुट पुल-अप' लिहिलं तरी त्या पिनवर काही होत नाही, बहुधा चूकही दाखवली जात नाही. तुमच्या उनोवर सगळ्या पिनांना आतून २० ते ५० किलो-ओहमचा पुल-अप मिळतो, म्हणून टेबलावर चाललं.

आता ओपन-कलेक्टर म्हणजे काय ते एकदा नीट पाहू, कारण हे कळलं की पुढचे तीन पट्टे तुम्ही स्वतः जोडाल. चिपच्या आत साधा ट्रान्झिस्टर असेल तर ओपन-कलेक्टर, मॉस्फेट असेल तर ओपन-ड्रेन. वागणूक एकच. एक हौद धरा, त्याला तळाशी बूच. सेन्सरच्या हातात फक्त ते बूच आहे. बूच काढलं की हौद रिकामा होतो, म्हणजे वायर शून्यावर येते. बूच लावलं की सेन्सरचं काम संपलं. हौद भरणं त्याच्या हातात नाहीच. भरायचा तर वरून नळ हवा. तो नळ म्हणजे पुल-अप रेझिस्टर, आणि तो तुम्हीच लावायचा असतो. तुमच्या हौदाला नळच नाही. मग त्यात इकडचं तिकडचं जे पाणी शिंतडेल तीच पातळी.

मधेच शांत का राहायचं तेही यातूनच निघतं. पंखा थांबताना चुंबक हॉल सेन्सरसमोर येऊन थांबला तर बूच उघडं, वायर शून्याला घट्ट धरलेली, काउंटर शांत. चुंबक बाजूला थांबला तर बूच बंद, वायर मोकळी, आणि ५० हर्ट्झ सुरू.

उपाय: बोर्डाच्या ३.३ व्होल्ट पिनपासून ३४ नंबरच्या पिनपर्यंत ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर. बोर्डाजवळ लावा, सेन्सरजवळ नाही. दुकानात सांगितलं तसं ५ व्होल्टला ओढू नका, ही पिन ३.३ व्होल्टची आहे. आधी हे करा, मग पुढचं बोलू.

तर्री_पोहे

३०००/६० माझ्या डोळ्यासमोर होतं आणि दिसलं नाही. धन्यवाद ताई. पण सेन्सर ५ व्होल्टवर चालतो, मग त्याचं आउटपुट ३.३ ला ओढलं तर सेन्सरला चालतं का?

सोल्डरताई

चालतं, आणि ओपन-ड्रेनचा खरा फायदा हाच. सेन्सर कितीवर चालतो आणि आउटपुटची वरची पातळी किती, या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. ३१४४ हा हॉल सेन्सर घ्या. त्याला सप्लाय ४.५ ते २४ व्होल्ट चालतो. तो १२ वर चालवा आणि आउटपुट ३.३ ला ओढा, किंवा प्रोसेसर १.८ व्होल्टचा असेल तर १.८ ला ओढा, त्याला फरक पडत नाही. तो फक्त खाली ओढतो. वर किती जायचं ते तुमचा रेझिस्टर कुठल्या रेलला (सप्लायच्या वायरीला) जोडलाय त्यावर ठरतं. म्हणून तो नेहमी ज्या प्रोसेसरची पिन आहे त्याच्याच रेलला जोडायचा.

एक अट मात्र आहे. सेन्सरची काळी वायर आणि बोर्डाचा ग्राउंड एकच पाहिजे. दोघांना वेगळे अ‍ॅडॉप्टर दिले आणि ग्राउंड जोडायचा राहिला, तर बूच दुसऱ्याच हौदाचं निघतंय असं समजा.

विदर्भ_एम्बेडेड

ताईंनी मूळ सांगितलंच आहे, मी आकडे जोडतो. शिकवताना मुलांकडून हा हिशोब मी फळ्यावर करून घेतो.

ईएसपी३२ चं इनपुट 'वर' समजलं जायला रेलच्या ०.७५ पट व्होल्टेज लागतं आणि 'खाली' समजलं जायला ०.२५ पटीच्या आत यावं लागतं. ३.३ ची रेल धरली तर वरचा आकडा २.४७५ आणि खालचा ०.८२५. मधला सगळा भाग बेभरवशाचा. उनोचं वेगळं, तिथं ०.६ आणि ०.३ पट. म्हणून एका बोर्डावर चाललं ते दुसऱ्यावर चालेलच असं नाही.

पुल-अप फार मोठा घेतला तर काय होतं? सेन्सरचा ट्रान्झिस्टर बंद असतानाही थोडी गळती असते. ३१४४ ला ती कमाल १० मायक्रोअ‍ॅम्पिअर दिली आहे. पुल-अप १०० किलोचा असेल तर १० मायक्रोअ‍ॅम्पिअर गुणिले १०० किलो म्हणजे १ व्होल्ट रेझिस्टरवरच पडला. पिनवर उरले २.३. हे २.४७५ च्या खाली आहे. सेमीकंडक्टरची गळती तापमानाच्या दर १० अंशांना ढोबळमानानं दुप्पट होते. जानेवारीत सकाळी बरोबर चालणारं सर्किट आपल्या मे महिन्यात, बाहेर ४५ अंश आणि पत्र्याच्या डब्यात त्याहून कितीतरी जास्त असताना, बिघडतं ते असं. लोक मग प्रोग्राम तपासत बसतात.

फार लहान घेतला तर उलटा प्रश्न. १०० ओहमचा पुल-अप म्हणजे सेन्सरला ३३ मिलिअ‍ॅम्पिअर खाली ओढायचे आहेत. ३१४४ ची मर्यादा २५ ची. एलएम३९३ कंपॅरेटर (दोन व्होल्टेज ताडून पाहणारी चिप) असेल तर डेटाशीट खात्रीनं फक्त ६ देते. ती ओलांडली की वायर ०.८२५ च्या खाली उतरेलच याची खात्री राहत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये १ ते १० किलोपर्यंत भरपूर जागा आहे. ४.७ किलोवर करंट ०.७ मिलिअ‍ॅम्पिअर. कोणत्याही सेन्सरला जड नाही.

कळमेश्वरकर

एक शंका. ४० मीटर केबलच्या कपॅसिटन्सचं (विजेचा भार साठवण्याच्या गुणाचं) काय? मी वाचलं होतं की लांब केबलवर पुल-अप लहान घ्यावा लागतो, नाहीतर सिग्नल वर चढायला वेळ लागतो.

विदर्भ_एम्बेडेड

बरोबर वाचलंत, पण इथं वेळेचा प्रश्न नाही. केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धरले तर ४० मीटरला ४ नॅनोफॅरड. समजा आतला ४५ किलोचा पुल-अप मिळाला असता, तर टाइम कॉन्स्टंट (सिग्नल चढायला लागणाऱ्या वेळाचं माप) १८० मायक्रोसेकंद. फ्लो सेन्सरच्या पल्स सेकंदाला ५०-१०० असतील, म्हणजे एकेक पल्स काही मिलिसेकंदांची. १८० मायक्रोसेकंद त्यात सहज मावतात.

दोष वेळेत नाही, पकडीत आहे. ४५ किलो म्हणजे वायर अगदी हलक्या हातानं धरलेली. शेजारच्या मोटरच्या केबलनं जरासा धक्का दिला की पातळी हलते. ४.७ किलोनं तीच वायर साडेनऊ पट घट्ट धरली जाते. वेगाचा हिशोब एन्कोडरला (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरला) लागतो. तिथं सेकंदाला ५० हजार पल्स असतील तर अर्धा पल्स १० मायक्रोसेकंदांचा, आणि ४.७ किलो गुणिले ४ नॅनोफॅरड म्हणजे जवळपास १९ मायक्रोसेकंद. म्हणजे वायर वर पोचायच्या आत पुन्हा खाली. तिथं १ किलो किंवा त्याहून कमी घ्यावा लागतो, किंवा सरळ डिफरन्शियल लाइन ड्रायव्हर (दोन वायरींवर एकमेकांच्या उलट सिग्नल पाठवणारी चिप).

आणि मोजायचं ते खाली येणाऱ्या कडेवर. ट्रान्झिस्टर वायर झटकन खाली ओढतो, ती कड धारदार असते. वर जाताना रेझिस्टर हळूहळू भरतो, ती कड उताराची. उतारावर जरा आवाज मिसळला की एका पल्सच्या दोन-तीन मोजल्या जातात.

पॅनलवाला_हिंगणा

माझं काम एमआयडीसीत पॅनलचं. आमच्याकडे हाच प्रश्न १२ आणि २४ व्होल्टच्या एनपीएन (खाली ओढणाऱ्या) प्रॉक्सिमिटी सेन्सरचा येतो, म्हणजे समोर लोखंड आलं की ओळखणारा. तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी आउटपुट. तेही ओपन-कलेक्टरच म्हणायचे, पण एक सावधगिरी: बऱ्याच सेन्सरांच्या आत तपकिरी आणि काळ्या वायरीच्या मध्ये आधीच एक रेझिस्टर बसवलेला असतो. डेटाशीटवर दिसेलच असं नाही. तो असेल तर काळी वायर आतूनच १२ ला ओढलेली आहे, आणि तुम्ही ती ३.३ च्या पिनला जोडली की १२ व्होल्ट पिनवर जायला बघतात.

तपासायची रीत सोपी. सेन्सरला सप्लाय द्या, काळी वायर कुठंच जोडू नका, समोर लोखंड ठेवू नका. मल्टिमीटर काळी आणि निळीवर. १२ च्या आसपास दाखवलं तर आत पुल-अप आहे. व्होल्टच्या अंशात भटकत राहिलं तर खरंच ओपन आहे. मी नवा सेन्सर हे पाहिल्याशिवाय प्रोसेसरच्या वाटेला जाऊ देत नाही.

माझ्याकडच्या एका पोरानं हे न पाहता जोडलं होतं. बोर्ड लगेच गेला नाही, हीच पंचाईत. आतला रेझिस्टर १० किलोचा असल्यानं करंट १ मिलिअ‍ॅम्पिअरच्या आतच राहिला, तो पिनच्या संरक्षक डायोडमधून रेलवर चढत राहिला. दोन आठवडे चाललं, आणि मग त्या बोर्डाचे बाकीचे अ‍ॅनालॉग आकडे सरकायला लागले. कारण शोधायला तीन दिवस गेले.

अंबिया_बहार

माझ्या फ्लो सेन्सरमध्ये असा आतला रेझिस्टर असेल तर?

पॅनलवाला_हिंगणा

तुमचा ५ व्होल्टचा आहे, तर सोपं आहे. सप्लाय काढून लाल आणि पिवळीच्या मध्ये ओहम मोजा. १० किलोच्या आसपास स्थिर आकडा आला तर आत पुल-अप आहे. मग वेगळा लावू नका, उलट पिवळी आणि ग्राउंडच्या मध्ये १८ किलो लावा. ५ गुणिले १८ भागिले २८ म्हणजे ३.२ व्होल्ट. पिनला पुरेसं आणि सुरक्षित. आतला आकडा वेगळा निघाला तर त्याच हिशोबानं खालचा बदला.

सोल्डरताई

१२-२४ व्होल्टवाल्यांसाठी मी अशी दोन रेझिस्टरांची विभागणी टाळते. आमच्याकडे बुटीबोरीला एका मशीनवर सप्लाय कधी २२, कधी २७. विभागणी त्याच प्रमाणात हलते. तिथं ऑप्टोकपलरच (एलईडीच्या उजेडानं पलीकडचा ट्रान्झिस्टर चालवणारी चिप) लावायचा. पीसी८१७ चा एलईडी १२ व्होल्टपासून २.२ किलो रेझिस्टरमधून काळ्या वायरीला. सेन्सरनं वायर खाली ओढली की साधारण ४.७ मिलिअ‍ॅम्पिअर वाहतो, एलईडी पेटतो. पलीकडचा ट्रान्झिस्टर प्रोसेसरकडे. गंमत अशी की तोही ओपन-कलेक्टरच, म्हणजे तिथंही ३.३ ला १० किलोचा पुल-अप लागतोच. ऑप्टो लावला म्हणून पुल-अप विसरणारे मी खूप पाहिलेत.

पीसी८१७ सावकाश आहे, सेकंदाला काही शे पल्सपर्यंत डोळे झाकून. एन्कोडर असेल तर ६एन१३७ हा वेगवान ऑप्टो. त्याला स्वतःला ५ व्होल्ट सप्लाय लागतो, पण आउटपुट ओपन-कलेक्टर असल्यानं ३.३ ला ओढता येतं.

काही जण ऑप्टोऐवजी एक डायोड लावायला सांगतात: पिनला ३.३ चा पुल-अप, आणि पिनपासून सेन्सरकडे डायोड, म्हणजे १२ व्होल्ट मागं येत नाहीत. करता येतं, पण आधी हिशोब करा. साधा डायोड ०.६ व्होल्ट खातो. त्यात सेन्सरचा स्वतःचा ड्रॉप मिळवा. प्रॉक्सिमिटीत तो ०.३-०.४ असला तरी बेरीज १ व्होल्टवर जाते, आणि ईएसपी३२ ला 'खाली' म्हणजे ०.८२५ च्या आत हवं. शॉट्की (कमी व्होल्टेज खाणारा डायोड) घेतला तर जमतं, तरी मोजून पाहिल्याशिवाय नाही.

कळमेश्वरकर

आणि पीएनपी सेन्सर चुकून आला तर?

पॅनलवाला_हिंगणा

तर हा सगळा धागा उलटा वाचा. पीएनपी वर ढकलतो, खाली ओढत नाही. १२ व्होल्टच वर ढकलतो, त्यामुळे तिथं पुल-अप नाही, पुल-डाऊन आणि विभागणी, किंवा ऑप्टो. मागवतानाच एनपीएन लिहून मागवा.

अंबिया_बहार

शनिवारी शेतावर होतो. सगळं क्रमानं लिहितो.

सप्लाय काढून लाल-पिवळी मोजली. एका बाजूनं मीटर उघडंच, प्रोब उलटवले तर मेगाओहममध्ये. म्हणजे आत पुल-अप नाही. मग पिवळी पिनमधून काढून सेन्सर चालू केला आणि पिवळी-काळी मोजली. ०.४, ०.९, ०.२ असं भटकत होतं. प्रोब हातात धरला की आकडा आणखी हलायचा. ताईंनी लिहिलेला लोंबकळता हौद हाच.

४.७ किलो लावला. रंगपट्ट्या पिवळा, जांभळा, लाल, तरी मीटरनं मोजून घेतला. पिनवर ३.२९ व्होल्ट. सेन्सर पाइपातून सोडवून हातात घेतला आणि पंखा काडीनं हळूहळू ढकलला. ३.२९... ३.२९... मग टपकन ०.१२. अजून जरा ढकलला की पुन्हा ३.२९. मध्ये काही नाही. बाबा शेजारी उभे होते, त्यांनी काडी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः चार फेऱ्या करून पाहिल्या.

मग लाइन यायची वाट पाहिली. लाइन आली, काउंटर शून्यावर. दहा मिनिटं पाहिला, शून्यच.

पण मोटर सुरू करताना स्टार्टर खटकन ओढला की ५-७ पल्स वाढतात. बंद करताना त्याहून जास्त, एकदा ११. दिवसाच्या पाण्यात एवढ्यानं बिघडत नाही, पण लाइन येत-जात राहिली तर स्टार्टर पाच-दहा वेळा पडतो. हे कसं काढू?

सोल्डरताई

छान मोजलंत. काडीचा प्रयोग सगळ्यांनी करावा. पंखा वेगात फिरताना मल्टिमीटर सरासरी दाखवतो आणि काहीच कळत नाही.

स्टार्टरचा खटका हा वेगळा पाहुणा. स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरच्या (मोटर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलमधला करंट तुटला की मोठा पण फार थोड्या वेळाचा झटका येतो, म्हणून बंद करताना जास्त पल्स. त्याला चार ठिकाणी अडवता येतं, आणि मी असते तर याच क्रमानं केलं असतं.

आधी केबल. मोटरच्या पाइपातून बाहेर काढा. किमान एक-दीड फूट अंतर, आणि ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. पिवळी आणि काळी एकमेकींना पीळ घातलेली हवी. शील्ड (केबलभोवतीची धातूची जाळी) असेल तर ती फक्त बोर्डाच्या बाजूला ग्राउंडला, दोन्हीकडे नाही. अर्धा त्रास इथंच जातो, आणि या अर्ध्याला नवं सामान लागत नाही, फक्त कुदळ.

मग पिनजवळ गाळणी. केबल आणि पुल-अप जिथं मिळतात तिथून पिनपर्यंत १ किलो सिरीज, आणि पिनवर ग्राउंडला १०० नॅनोफॅरड. वर चढताना (४.७ अधिक १) किलो गुणिले १०० नॅनो म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदाच्या जरा वर, खाली येताना ०.१ मिलिसेकंद. तुमच्या पल्स त्याहून कितीतरी लांब, त्यांना धक्का नाही. झटका मायक्रोसेकंदांचा, तो गळतो. १ किलोमुळे विजेचा कडकडाट होतो तेव्हा पिनलाही थोडा आडोसा मिळतो. थोडाच. मृगाच्या आधीच्या वादळांसाठी केबल आत येते तिथं टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेज अडवणारा) वेगळा लावा.

आता या गाळणीमुळे दोन्ही कडा मंदावल्या. म्हणून कपॅसिटर आणि पिनच्या मध्ये ७४एचसी१४ या चिपचा एक गेट टाकला तर उत्तम. वर जाताना आणि खाली येताना त्याची पातळी वेगवेगळी असते, त्यामुळे मधल्या थरथरीच्या जास्तीच्या पल्स होत नाहीत. त्याला सप्लाय ३.३ चाच द्या. तो सिग्नल उलटा करतो, तेव्हा मोजायची कडही उलटी घ्यायची.

सगळ्यात शेवटी प्रोग्राम. तुमच्या सर्वांत वेगवान पाण्यात दोन पल्समध्ये किती अंतर पडतं ते पाहा, आणि त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जवळ आलेली पल्स टाकून द्या. तर्री_पोहे, तुझा डिबाउन्स आता इथं शोभतो.

विदर्भ_एम्बेडेड

एक भर. पुढचे तीन पट्टे जोडताना ३४ ते ३९ मधल्याच पिना वापरल्या तरी हरकत नाही, बाहेरचा पुल-अप असला की त्या इतर पिनांइतक्याच चांगल्या. उलट त्या आउटपुट होऊ शकत नाहीत, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीनं सेन्सरशी झोंबायची भीती नाही. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा पुल-अप, स्वतःची पिन. चारही पिवळ्या वायरी एकत्र करू नका.

तसं ओपन-ड्रेन एकत्र जोडता येतात, कुणीही एकानं खाली ओढलं की वायर खाली. दोन टाक्यांच्या फ्लोटसाठी एकच भोंगा असेल तर ही सोय फार कामाची. मोजणीत मात्र कोणाचा पल्स ते कळणार नाही.

आणि जमिनीच्या तापमानाचे डीएस१८बी२० लावणार असाल तर तीच ओपन-ड्रेनची वायर अनेक सेन्सर वाटून घेतात, तिथं सगळ्यांना मिळून एकच ४.७ किलो. तयार मोड्यूल घेतलेत आणि प्रत्येकावर आधीच ४.७ चा बसवलेला असेल तर पाच मोड्यूलचा मिळून ९४० ओहम होतो. आयटूसीतही (दोन वायरींवर अनेक चिपा जोडायच्या पद्धतीतही) हेच. तिथं चिपांकडून ३ मिलिअ‍ॅम्पिअरच खाली ओढायची अपेक्षा आहे, आणि ३.३ भागिले ९४० म्हणजे साडेतीन. जास्तीचे रेझिस्टर काढून टाकावे लागतात.

तर्री_पोहे

वाचनखूण साठवली. सोलरवर बोर्ड चालवणाऱ्यांनी पुल-अप मोठा ठेवावा का? करंट वाचेल असं वाटतं.

सोल्डरताई

ती बचत चुकीच्या जागी आहे. ४.७ किलोला ०.७ मिलिअ‍ॅम्पिअर जातात, तेही वायर खाली असतानाच. हॉल सेन्सर स्वतः त्याहून कितीतरी जास्त खातो, वायफाय तर शंभरपट. बचत करायची तर पाणी बंद असताना सेन्सरचा सप्लायच एका मॉस्फेटनं तोडा. बाहेरच्या केबलवर मी पुल-अप उलट लहान ठेवते, २.२ किलोपर्यंत. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये ओल शिरते, पिनांवर हिरवट थर येतो, आणि अगदी कमी करंट त्या थरातून नीट जात नाही.

डब्याच्या आत १० किलो, डब्याबाहेर ४.७, मोटरच्या सोबतीनं लांब जाणार असेल तर २.२. वीस वर्षांत मला याहून वेगळं क्वचित लागलं.

अंबिया_बहार

दुसरा रविवार. केबल वेगळ्या चरातून नेली, बाबा आणि मी मिळून सकाळी खणलं. पिनजवळ १ किलो आणि १०० नॅनोफॅरड लावला, ७४एचसी१४ अजून मिळालेला नाही. स्टार्टर दहा वेळा ओढला आणि सोडला: एकूण जास्तीची १ पल्स. प्रोग्राममध्ये ३ मिलिसेकंदाची अट टाकल्यावर दहा वेळात शून्य.

मग पाइपाच्या टोकाला २० लिटरचा कॅन लावून पुन्हा मोजलं. टेबलावर काढलेल्या आकड्यापेक्षा साधारण ४ टक्के फरक येतो, तिन्ही वेळा एकाच बाजूला. हा फरक इलेक्ट्रॉनिक्सचा की पाइपाचा?

पॅनलवाला_हिंगणा

तिन्ही वेळा एकाच बाजूला म्हणजे पाइपाचा. सेन्सर एल्बोच्या लगेच पुढं बसवलाय का? पाणी वळणावर पीळ घेतं आणि पंखा वेगळा फिरतो. सेन्सरच्या आधी पाइपाच्या व्यासाच्या दहापट सरळ तुकडा ठेवा, नंतर पाचपट. ते जमत नसेल तर शेतातलाच आकडा खरा धरा, टेबलावरचा विसरा.

अंबिया_बहार

एल्बोपासून चार बोटांवरच आहे. बाकी तीन पट्ट्यांना सरळ तुकडा सोडूनच बसवतो, आणि याचा आकडा शेतातला घेतो. ४.७ किलोचे दहा रेझिस्टर आणि टीव्हीएस डायोड आज बर्डीवरून आणले. ताण गुरुवारी तोडतोय.